वाळूतला काटा

नॉर्थ बेरिकमध्ये पारा २५च्या आसपास गेला की आमच्या फार्मसीत पाय ठेवायला जागा उरत नाही. एडिनबराहून रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावरचं हे स्कॉटलंडच्या किनाऱ्याचं गाव. जूनअखेर शाळांना सुट्टी लागली की प्रत्येक गाडीतून बादल्या-फावडी घेतलेली पोरं उतरतात.

जुलैतल्या त्या शनिवारी सकाळपासून हेच चाललं होतं: उन्हाने भाजलेले खांदे, परागकणांमुळे वाहणारी नाकं, सनस्क्रीनची मागणी. मी रत्नागिरीची. मे महिन्यात बाराच्या उन्हात बाहेर पडलं की आई ओरडायची. इथे लोक नेमकं तेच ऊन गाठून अंगावर घेतात, आणि मला ते मनापासून पटतं. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात शरीराने ड जीवनसत्त्व तयार करावं एवढा जोरच नसतो. सगळा हिवाळा मी लोकांना रोजच्या १० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या घ्यायला सांगत असते. मग ऊन आलं की त्यांनी घरात का बसायचं? क्रीम मात्र लावा, एवढंच माझं म्हणणं.

तीनच्या सुमारास एक बाई आठेक वर्षांच्या मुलाला उचलून धापा टाकत आत आली. मुलगा कळवळून रडत होता. ओहोटीच्या उथळ पाण्यात अनवाणी खेळताना काहीतरी टोचलं, म्हणाली. तळव्यावर सुईच्या टोकाएवढा ठिपका, भोवती लालबुंद सूज, आणि वेदना जखमेच्या मानाने भलतीच जास्त. हा वीव्हर मासा. जेमतेम वीतभर लांब, वाळूत अंग पुरून पडून राहतो, पाठीवरचे विषारी काटे तेवढे वर.

तिने कुठूनसा बर्फ आणला होता. मी तो बाजूला ठेवला आणि केटल लावली.

"गरम पाणी? सुजलेल्या पायाला?"

"हो. हे विष उष्णतेने निकामी होतं."

आमच्याकडे शिंगाळ्याचा काटा लागला की आजी गरम पाण्यानेच शेकायची, ते आठवलं. फक्त एक सांभाळावं लागतं: दुखऱ्या पायाला चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी मी कोपराने पाहिलं, मग त्याच्या चांगल्या पायाने. सोसेल तेवढं गरम, भाजेल इतकं नाही. निवलं की पाय बाहेर काढून नवं पाणी ओतायचं. मधेमधे त्याचा श्वास, ओठ, अंगावर गांधी उठतात का, हे बघत होते. काटा आत मोडलेला नव्हता. दहा मिनिटांनी रडणं हुंदक्यांवर आलं. अर्ध्या तासाने पोरगा विचारत होता, "मग त्या माशाला लागलं का?"

आईने पर्स उघडली. स्कॉटलंडमध्ये फार्मसीतल्या अशा सल्ल्याचे पैसे नसतात, पण ग्लासगोची असूनही तिला ते माहीत नव्हतं. हे लोकांना ठाऊक असायला हवं, नाहीतर किरकोळ दुखण्यांसाठी ते हॉस्पिटलमध्ये तासन्‌तास ताटकळतात. बंद करायच्या आधी मी दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: ओहोटीच्या पाण्यात उतरताना पायात काहीतरी घाला.

आणि रबरी बूट घालून मीही उतरले. सोबत माझी सहकारी होती, ती हिवाळ्यातही पोहते. मी फक्त जुलै-ऑगस्टची. पाणी चौदाएक अंशांचं, पहिल्या बुडीला छाती आवळते, मग अंग असं तरतरीत होतं की बाहेर यावंसं वाटत नाही. समोर बास रॉक हे खडकाळ बेट, गॅनेट या समुद्रपक्ष्यांनी पांढरंफटक. २०१४च्या गणनेत तिथे ७५,००० जोड्या होत्या, जगातली सगळ्यात मोठी वसाहत. २०२२च्या बर्ड फ्लूने त्यातले हजारो मेले, तेव्हा किनाऱ्यावर पडलेले पक्षी बघवत नव्हते. आज मात्र ते पंख मिटून बाणासारखे पाण्यात घुसत होते, एकामागून एक, आणि आम्ही दोघी दात वाजेपर्यंत बघत राहिलो.

कपडे बदलले तेव्हा साडेआठ वाजले होते. सूर्य मावळायला अजून तासाभराहून जास्त वेळ होता, म्हणून चिप्स घेऊन बंदरावर गेलो.