तक्ता शिकवायच्या दिवशीच लावा

"सतत डोळ्यांसमोर राहिलं की मुलांच्या आपोआप लक्षात राहतं," हे शिक्षण परिषदेत दरवेळी ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. दहिवडीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते आणि वर्गात मला उलटंच दिसतं.

आमची शाळा दोनशिक्षकी. पहिली ते चौथी याच दोन खोल्यांत, त्यामुळे शरीरातल्या इंद्रियांचा तक्ता पोरं पहिलीपासून बघत आलेली. त्याचे कोपरे वळलेत, जठरावर चिकटपट्टीचा पिवळा डाग पडलाय. चौथीत "यकृत दाखव" म्हटलं की बोट तक्त्यावर नुसतं फिरत राहतं. दातांचा तक्ता मात्र कपाटात गुंडाळून ठेवलेला. तो उलगडला तशी मागची पोरं उठून पुढं आली, आणि दुसऱ्या दिवशी पटाशीचे, सुळे, दाढा सगळं तोंडपाठ.

याचा अभ्यास जुना आहे. 1959 साली लुबो आणि मूर या संशोधकांनी तो केला, तोही शेळ्या-मेंढ्यांवर! (आमच्या माणदेशातल्या पोरांना हे सांगितलं तर केवढी खूश होतील.) आधी काहीच न घडता एखादी खूण जनावराला वारंवार दाखवली. मग तीच खूण झाली की पायाला विजेचा सौम्य झटका. नवी खूण जनावरं लवकर शिकली, ओळखीची उशिरा. याला सुप्त अवरोध म्हणतात. बिनकामाचं म्हणून एकदा सोडून दिलेल्या गोष्टीकडे लक्ष पुन्हा वळायला वेळ लागतो. माणसांत हा परिणाम विशेषकरून तेव्हा दिसतो, जेव्हा ती गोष्ट समोर असताना मन दुसऱ्याच कामात असतं. तीन वर्षं आमच्या तक्त्याखाली बसून पोरं पाढेच तर लिहीत होती!

हा मुलांचा दोष नव्हे. दिसेल त्या प्रत्येक गोष्टीकडे लक्ष गेलं, तर पोर एक ओळसुद्धा वाचू शकणार नाही.

फरशीवरच्या आकृत्यांना माझा विरोध नाही. त्यांच्यावर बसून पोरं खडे मांडतात, बेरजा करतात. माझं म्हणणं आहे ते नुसतं टांगून ठेवलेल्या गोष्टींबद्दल.

फळ्याशेजारची भिंत मी आता कोरी ठेवलीय. तिथं एका वेळी एकच तक्ता, आणि धडा झाला की तो परत कपाटात. इंद्रियांचा तक्ता येत्या जूनमध्ये व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीशेजारी लावणार आहे. जागा बदलली की हा अवरोध कमी होतो, असं पुढच्या प्रयोगांत दिसलेलं आहे.