कमळाच्या समोर न उमटलेली रेषा

कमळ आणि कुमुद एकाच तळ्यात शेजारी-शेजारी फुलतात, दोन्हींचे कंद चिखलात रुतलेले असतात आणि दोन्हींच्या पाकळ्या पुष्कळ असतात. त्यामुळे जुन्या ग्रंथांनी दोघांना निंफिएसी या एकाच कुलात बसवले होते. मी विद्यापीठात संशोधनाला लागले तेव्हा या सोयरिकीबद्दल शंका घेतली जात होती. वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन यांनी १९७०-७१ मध्ये बियांतील प्रथिनांच्या आधारे कमळ वेगळे असल्याचे मांडले होते, आणि आम्हाला ते आपल्याकडच्या बियांवर पडताळायचे होते.

काम बियांवरच करायचे, कारण साठ्याची प्रथिने भरपूर मिळतात आणि पानांतील प्रथिनांसारखी ऋतूगणिक बदलत नाहीत. कमळगट्ट्याचे टणक कवच फोडून, आतला हिरवा कडू कोंब काढून, पांढऱ्या डाळिंब्यांचे पीठ करणे सोपे होते. कुमुदाची बी मात्र बारीक, आणि तिच्यातला बहुतेक साठा पिष्टाचा, त्यामुळे पुरेसे प्रथिन हाती येईपर्यंत फार बी दळावे लागले. तिसरा नमुना कुमुदाच्याच कुलातील मखान्याचा. बाजारातल्या लाह्या भाजलेल्या असल्याने निरुपयोगी होत्या, म्हणून बिहारहून कच्च्या बिया मागवल्या. पिठातील तेल काढून, मिठाच्या पाण्यात विरघळणारी साठ्याची प्रथिने, म्हणजे ग्लोब्युलिने, वेगळी केली आणि सर्व अर्कांतील प्रथिनाचे प्रमाण सारखे करून घेतले.

अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरात मधल्या खळग्यात मखान्याच्या प्रथिनाविरुद्ध सशात तयार केलेले अँटिसिरम, म्हणजे ते प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडे असलेला रक्तद्रव, घातले आणि भोवतीच्या खळग्यांत तिन्ही अर्क. अर्कात ओळखीचे प्रथिन असेल तर दोन्ही जिथे भेटतात तिथे पांढरी रेषा उमटते. दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या कागदावर धरून, तिरक्या उजेडात पाहिले. मखान्यासमोर जाड पांढरी कमान उमटली होती. कुमुदाची कमान तिला येऊन मिळाली होती, पण मखान्याच्या रेषेचे टोक सांध्याच्या थोडे पलीकडे गेले होते, म्हणजे बराच अंश समान आणि थोडा वेगळा. कमळासमोरचा अगार स्वच्छ होता.

माझे मार्गदर्शक सर आनंदले नाहीत. “कमळाचा अर्कच बिघडलेला नसेल कशावरून?” असे त्यांनी विचारले, आणि तो प्रश्न अत्यंत रास्त होता, कारण रेषा न उमटण्याला नात्याखेरीज इतर अनेक कारणे असू शकतात. म्हणून तोच अर्क कमळाच्या अँटिसिरमसमोर ठेवला. तेव्हा ठसठशीत कमान आली, आणि त्याच सिरमने कुमुद व मखाना यांच्यासमोर रंग दिल्यावरही फक्त पुसट धूसरता दाखवली. उलटसुलट दोन्ही बाजूंनी एकच उत्तर आल्यावर मी निकाल नोंदवहीत उतरवला. पाण्यातल्या राहणीने दोघांची पाने आणि फुले सारखी दिसू लागली असतील, पण बीमधल्या साठ्याच्या प्रथिनावर त्या राहणीचा तसा दाब नव्हता, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

या पद्धतीने दुरावा दाखवला, पण कमळाचे खरे भाऊबंद कोण हे तिला सांगता आले नाही. अँटिसिरम समोर ठेवलेल्या बीपुरतेच उत्तर देते, आणि तळ्यातल्या कमळाशेजारी डोंगरावरच्या झाडाची बी ठेवण्याचे कोणाच्या मनात येणार? १९९३ मध्ये आरबीसीएल या प्रकाशसंश्लेषणाशी निगडित जनुकाच्या मोठ्या तुलनेत कमळ काश्मीरच्या चिनाराच्या आणि सिल्व्हर ओकच्या कुलांशेजारी जाऊन बसले. आज ही तिन्ही प्रोटिएलिस या एकाच गणात आहेत.