मला पुरावा करू नका

गेल्या आठवड्यात इथं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात, ऑफिसात जेवताना पगारातल्या दरीवरून वाद पेटला. एक सहकारी म्हणाला, "या देशात मेहनत करणाऱ्याला कुणी अडवत नाही." आणि सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याचे वडील फौंड्रीत मोल्डर. हा आज बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो. स्वतःच्या बळावर!"

हे 'स्वतःच्या बळावर' मला झोंबलं. अजून झोंबतंय.

मेहनत मी केली, ती नाकारणार नाही. कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत, शेजारी मशीनचा धडधडाट चालू असताना अभ्यास केलाय. पण आजोबा राधानगरीकडच्या खेड्यातून शिकायला आले ते दसरा चौकातल्या बोर्डिंगात राहिले म्हणून. १९०१ पासून शाहू महाराजांनी एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी करायला हातभार लावला, १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या रिक्त जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आजोबांना बोर्डिंगात ताट मिळालं नसतं तर ते चौथीनंतर गावी परतले असते, गुरं राखायला. माझी इंजिनिअरिंगची अर्धी फी ईबीसीतून, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठीच्या फीसवलतीतून गेली. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाबांनी तहसीलात तीन खेपा घातल्या, म्हणजे तीन खाडे. यातलं माझं बळ कुठलं?

आणि हे ऐकवलं कुठं, तर शार्लटमध्ये! २०१४ साली अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५० मोठ्या शहरी भागांची तुलना केली. सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात जन्मलेलं मूल सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात पोहोचण्याची शक्यता सॅन होजेत १२.९ टक्के, शार्लटमध्ये ४.४. पन्नासात पन्नासावा नंबर. बँकांच्या उंच इमारती एका बाजूला, आणि मुलाची शाळा बहुतेक घराच्या पत्त्यावर ठरते. नॉर्थ कॅरोलिनात किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, २००९ पासून तेवढंच.

आपल्याकडं सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. गळीत हंगामात बीडकडचे कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, आगाऊ उचल घेऊन येतात, पालं पडतात, त्यांची पोरं शाळा सोडून फडात असतात. मी लहानपणी रोज सायकलवरून त्या पालांशेजारून गेलो आणि कधी थांबलो नाही. तरी त्यांना कोल्हापुरात कुणी 'तुम्ही मेहनत कमी करता' असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. हा फरक मला मोठा वाटतो. 'मग परत का येत नाहीस' असं तुम्ही विचाराल. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन याच पगारातून झालं.

आमच्या मजल्यावर संध्याकाळी सफाईला येणाऱ्या बाईंनी त्या वादानंतर दोन दिवसांनी मला थांबवलं. मुलगा बारावीत आहे, कॉलेजच्या सरकारी मदतीचा अर्ज, फाफ्सा, कळत नाही म्हणाल्या. शनिवारी लायब्ररीत त्या पोराशेजारी बसलो. घरातली माणसं किती, आईची कमाई किती. दुसऱ्या नोकरीचे कागद आणायला बाई तिथून उठून घरी गेल्या. बसनं, दीड तास. तोवर आम्ही दोघं तो रकाना मोकळा ठेवून बसलो.

रात्री बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "फारम टायमात गेला न्हवं?"