पाच फुटांवरचा चेहरा

आधार कार्ड हातात पडलं की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "माझा फोटो कधी चांगला येतच नाही." स्थळासाठी फोटो पाठवायची वेळ आली की ते पुन्हा निघतं, या वेळी जरा रडवेलं होऊन. सगळा दोष चेहऱ्याच्या नावावर टाकून माणूस मोकळा होतो. खरं तर त्यातला बराचसा दोष अंतराचा असतो.

नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर भरतात. कोपर वाकवून मोबाइल ३० सेंटिमीटरवर धरला, तर कान ४२ वर जातात. म्हणजे नाक कानाच्या मानाने १.४ पट जवळ, आणि फोटोत तेवढंच मोठं. तोच मोबाइल दीडेक मीटरवर, म्हणजे पाच फुटांवर गेला की हे प्रमाण १.०८ वर येतं. नाक बिचारं होतं तेवढंच आहे. म्हणून सेल्फीचा मोह सोडावा, मोबाइल दुसऱ्याच्या हाती द्यावा, मागचा कॅमेरा लावून दुप्पट झूम करायला सांगावं आणि भिंग डोळ्यांच्या उंचीवर ठेवायला लावावं. भिंग हनुवटीखालून वर बघत असेल, तर सडपातळ माणसालाही दुहेरी हनुवटी फुटते.

उजेडाचं म्हणाल, तर डोक्यावरची ट्यूबलाइट डोळ्यांखाली सावल्या पाडते आणि आपण त्यांना काळी वर्तुळं समजून क्रीम आणायला धावतो. सकाळी ऊन थेट आत न येणाऱ्या खिडकीपासून तीन-चार फुटांवर, किंचित तिरकं बसावं. दुसऱ्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर किंवा धुतलेला पंचा उभा धरायला सांगावं. त्या बाजूचा अंधार उजळतो. खोलीतले दिवे मात्र आठवणीने बंद करावेत. खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा हळदीला बसल्यासारखा दिसतो. मागे पांढरी भिंत असेल तर कॅमेरा भिंतीचा उजेड मोजून चेहरा काळवंडवतो, म्हणून मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड तिथला घ्यायला लावायचा. हे न करता गोरं करणारा फिल्टर लावणं म्हणजे मीठ कमी पडलेल्या आमटीत साखर घालण्यासारखं आहे.

आता मिठाचाच विषय निघाला आहे. आदल्या रात्री पापड, लोणचं, पावभाजी असा बेत झाला की शरीर पाणी धरून ठेवतं. रात्रभर आडवं पडल्यावर ते डोळ्यांभोवतीच्या सैल कातडीत साठतं आणि सकाळी आरशात सुजलेला पाहुणा दिसतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा, चहाचा चमचा, आणि त्यात फरसाणातलंही आलं. उठल्याबरोबर फोटो काढू नये. तास-दोन तास उभं-चालतं राहिलं की सूज आपोआप उतरते. वीस मिनिटं भरभर चालून आलं तर गालांवर रक्तही खेळतं. फक्त घाम सुकू द्यावा.

झोपेबद्दल तर पुरावाच आहे. २०१० साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी २३ जणांचे फोटो दोनदा काढले: एकदा नीट झोपल्यावर, एकदा अपुऱ्या झोपेनंतर ३१ तास जागवून. अनोळखी लोकांना जागरणवाले चेहरे कमी निरोगी आणि कमी आकर्षक वाटले. आपल्याकडे मात्र उद्या फोटो म्हणून आज फेशियल, ब्लीच, थ्रेडिंग असा सपाटा लागतो आणि दुसऱ्या दिवशी भुवयांभोवती लाल पट्टा दिसतो. हे सगळं तीन-चार दिवस आधी उरकावं. केस आठवडाभर आधी कापावेत, ताजी कटिंग ओळखू येते. झिंक किंवा टायटॅनियमवालं सनस्क्रीन लावून फ्लॅश मारला, तर चेहऱ्यावर पीठ फासल्यागत पांढरा थर दिसू शकतो.

"स्माइल" म्हटलं की आठ सेकंद ताणून धरलेलं हसू मरून जातं. ओठ हुकमावर हसतात, डोळ्यांच्या कडा सहसा हसत नाहीत. त्याऐवजी श्वास पूर्ण सोडावा. त्याबरोबर खांदे आपसूक खाली येतात, मान लांब होते, आणि ज्याला आपण आत्मविश्वास म्हणतो त्याचा निम्मा भाग तिथेच दिसू लागतो. काढणाऱ्याने काहीतरी बोलत राहावं आणि एकामागोमाग वीसेक फोटो घ्यावेत, कारण माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो.

निवड मात्र स्वतःकडे ठेवू नये. आपल्याला आपला चेहरा आरशातला, म्हणजे डावा-उजवा उलटलेला, सवयीचा असतो. १९७७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी सुलट आणि उलट असे दोन्ही फोटो दाखवले, तेव्हा ज्याचा फोटो त्याला बहुधा आरशासारखा आवडला, आणि जवळच्या माणसांना सुलट. म्हणजे ज्या फोटोत "हा मी नाहीच" असं वाटतं, तोच बाकीच्यांच्या रोजच्या ओळखीचा. तेव्हा वीसही फोटो आईपुढे ठेवावेत. ती केस चापूनचोपून बसवलेलाच उचलेल, ही वेगळी अडचण. तिथे मैत्रिणीला विचारावं.