खांदे जमिनीत आहेत

काकूंचा व्हिडिओ कॉल तुटला तो ड्रुमॉक्टरच्या खिंडीत. तिकडे वर्धा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या होत्या, झडत्या म्हणून झाल्या होत्या, आता पोळा फुटणार तेवढ्यात भाच्याचा चेहरा स्क्रीनवर गोठला. 2 सप्टेंबर 2024. स्कॉटलंडमध्ये दुपारचा दीड, गावाकडे संध्याकाळचे सहा. आमची बस इन्व्हरनेसहून एडिनबरोकडे निघाली होती. दोन्ही बाजूंचे डोंगर हेदरच्या फुलांनी जांभळे झालेले, 37 पाहुणे मोबाईल काचेला लावून बसलेले, आणि काकू आपला मोबाईल मांडीवर पालथा ठेवून गप्प.

"आज माह्या घरी पोळा हाये अन् मी इथं," एवढंच म्हणाल्या.

टूर मॅनेजर म्हणून मी नऊ सीझन या रस्त्यावर काढले आहेत. घरची आठवण आलेल्या माणसाला काय सांगायचं, ते मला येतं असं वाटत होतं. त्या दिवशी काही सुचलं नाही.

स्टर्लिंगचा किल्ला बाहेरून दाखवून पावणेपाचला आम्ही फॉल्कर्कजवळ केल्पीज या पोलादी शिल्पांपाशी पोचलो. कार्यक्रमपत्रिकेत तो 30 मिनिटांचा फोटो स्टॉप. एम-9 महामार्गावरून येताना ती दोन घोड्यांची डोकी अचानक झाडांवर उगवतात आणि बसमध्ये एकच "अरे बघा बघा" होतं. प्रत्येकाची उंची 30 मीटर, दहा मजली इमारतीएवढी. प्रत्येकाचं वजन 300 टनांच्या वर. एकाची मान खाली, दुसऱ्याची आभाळाकडे. आकडे मी नेहमीसारखे माईकवर सांगितले, सगळे उतरले, फोटो झाले. परत निघायला बस सुरू केली तर गिअरबॉक्सचा लाल दिवा लागला. ड्रायव्हरने कंपनीला फोन केला. दुसरी बस यायला तीन तास तरी लागतील असं उत्तर आलं. त्या बसची तक्रार मी आदल्याच दिवशी केली होती, त्यामुळे माझा संताप झाला, पण वयस्कर माणसांसमोर तो दाखवण्यात अर्थ नव्हता. चहाची सोय केली, बाकं बघून सगळ्यांना बसवलं.

आणि तिथून त्या दिवसाला सुरुवात झाली.

काका चहा अर्धा टाकून घोड्यापाशी गेले होते. हिंगणा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये त्यांनी 34 वर्षं काढलेली. आठ दिवसांत एकाही राजवाड्याने ते हलले नव्हते. इथे मात्र ते दोन पत्र्यांमधल्या फटीला डोळा लावून उभे होते.

"मॅडम, इकडे या. आत पाइपांचा सांगाडा आहे, दिसतो का? प्लेटी एकमेकींना चिकटवलेल्या नाहीत. मुद्दाम गॅप सोडलाय. म्हणून जनावर जड वाटत नाही."

मी नऊ वर्षांत त्या फटीतून कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं. जाड पोलादी नळ्या तिरक्या-आडव्या जुळवत वर गेल्या होत्या, आणि पलीकडच्या फटींमधून आभाळाच्या पट्ट्या दिसत होत्या.

"किती प्लेटी?"

"दोघांच्या मिळून 928. एकीसारखी दुसरी नाही."

काकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे एकीचं टेम्पलेट दुसरीला चालायचं नाही. प्रत्येकीचं मार्किंग वेगळं, कटिंग वेगळं, वाक वेगळा. उभं करायला किती लागले?"

"2013च्या जूनमध्ये सुरू केलं, 90 दिवस लागले."

"मग खरं काम शॉपमध्ये झालं. साइटवर नुसतं जुळवलं. 90 दिवसांत जुळतं, म्हणजे शॉपवाल्यांनी सुताचीही चूक केली नसणार."

सुटे भाग खरोखरच इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये तयार होऊन आले होते. शिल्पकार अँडी स्कॉट यांनी आधी स्वतः 3 मीटर उंचीच्या प्रतिकृती केल्या, त्या लेझरने मोजल्या गेल्या आणि त्यावरून हे दहापट घडलं, हेही मी सांगितलं. "आधी हातानं केलं ना? तेच म्हणतो मी," काका म्हणाले आणि पुढच्या जोडाकडे वळले. या कामावर घाम गाळलेल्या वेल्डरांची आणि फिटरांची त्यांच्याइतकी मनापासून दखल घेणारा माणूस मी तिथे तरी दुसरा पाहिला नाही.

बाकीच्या मंडळींना मी गवतावर गोळा केलं आणि केल्पीची गोष्ट सांगितली. बसमध्ये ती दोन मिनिटांत उरकते, आज वेळ होता. केल्पी म्हणजे स्कॉटिश लोककथेतला पाण्यातला घोडा. नदीकाठी देखणा होऊन उभा राहतो, मुलं पाठीवर बसली की हात त्याच्या कातडीला चिकटतात आणि तो त्यांना घेऊन डोहात उतरतो. पण ज्याच्या हाती त्याचा लगाम लागेल, त्याचा तो गुलाम. मॉर्फीच्या जमीनदाराने असाच एक केल्पी धरला आणि वाडा बांधण्यासाठी त्याच्याकडून दगड वाहून घेतले. काम संपल्यावर सोडलं, तेव्हा पाठ आणि हाडं दुखत असलेल्या त्या केल्पीने जाता जाता त्याच्या घराण्याला शाप दिला.

"दगडं वाहाले लावलं त्याले?" काकू पहिल्यांदाच बोलल्या.

हो म्हटलं. आणि मग पुढचंही सांगितलं, जे मी कधी सांगत नाही, कारण कोणी ऐकत नाही. समोरचा फोर्थ अँड क्लाइड कालवा 1790 साली पूर्ण झाला. त्यावरच्या कोळशाच्या आणि लोखंडाच्या बोटी काठाने चालणारे घोडे दोराने ओढायचे. रस्त्यावर टन-दोन टन ओढणारं जनावर पाण्यावर पन्नास टन ओढू शकतं. जवळच्या कॅरनच्या लोखंडाच्या कारखान्यात तोफा ओतल्या जायच्या, त्यांची वाहतूकही घोड्यांच्याच जिवावर. 1963 साली कालवा बंद पडला, 2001 मध्ये पुन्हा उघडला. शिल्पाला नाव पाण्यातल्या भुताचं मिळालं होतं, पण स्कॉट यांनी घडवले ते क्लाइड्सडेल जातीचे कामाचे घोडे. ड्यूक आणि बॅरन नावाचे दोन खरे घोडे त्यांनी समोर ठेवले होते. फॉल्कर्क हे त्यांच्या वडिलांचं गाव.

काकू उठल्या. मान खाली घातलेल्या ड्यूकपाशी गेल्या. मीही मागोमाग गेले. पावसाची भुरभुर येऊन गेली होती, पत्र्यांवरून थेंब ओघळत होते. त्यांनी तळहात पत्र्यावर ठेवला आणि खालपर्यंत फिरवत नेला.

"काय वं पोरी, याचे खांदे कुठं हायेत?"

"खांदे नाहीत, काकू. मानेपासून वरचंच केलंय."

"असं कसं? खांद्याबिगर वढल कसं जनावर?" त्या वाकून जमिनीकडे बघत होत्या. "काल आमच्या घरी बैलाचे खांदे शेकले, लोणी-हळद लावली. जू तिथं घासते ना. याचं कुठं घासत होतं?"

क्लाइड्सडेलच्या गळ्यात जाड गादीचा पट्टा असतो आणि ओढ त्याच्या मानेच्या बुडाशी, खांद्यावर येते. ते मी दाखवलं. बोट जिथे टेकलं, तिथे पत्रा संपून जमीन सुरू होत होती. खाली प्रत्येक घोड्यासाठी साधारण 1,200 टन काँक्रीट आहे. हा आकडा मला पाठ होता. पण आकडा म्हणून पाठ होता.

"खांदे जमिनीत आहेत, काकू," मी म्हटलं.

त्यांनी पर्समधली डबी काढली. कुंकू लावतात की काय म्हणून मी थोडी घाबरले, पण त्यांनी चिमूटभर हळद नुसती जमिनीवर, पत्र्याच्या कडेशी सोडली आणि ओल्या गवतावर बोटांनी चोळली. मग मान वर करून बराच वेळ त्या प्रचंड तोंडाकडे बघत राहिल्या.

"तोंडात लगाम नाही याच्या. दोर नाही, काई नाही," त्या म्हणाल्या. "म्हंजे आज यायचाबी पोळा हाये."

आठच्या सुमारास दिवस मावळला आणि डोक्यांच्या आत दिवे लागले. फटीफटीतून उजेड बाहेर आला. काकांनी मघाशी दाखवलेला सांगाडा आता उभाच्या उभा दिसू लागला, आणि काका ज्याला त्याला हात धरून तो दाखवत होते.

बस आली तेव्हा पावणेनऊ झाले होते. मोजणी केली, 38 पुरे. बस वळून मुख्य रस्त्याला लागत असताना काकूंच्या फोनला रेंज आली आणि भाच्याने पाठवलेला व्हिडिओ उतरला. पोळा फुटला होता. ढोल, घुंगरांचा गलका, कोणीतरी ओरडत होतं, झुली घातलेले बैल वेशीतून धावत निघाले होते. काकूंनी तो एकदा पाहिला. मग पुन्हा पहिल्यापासून लावला, आवाज पूर्ण वाढवला, आणि फोन खिडकीच्या काचेला टेकवून धरला, स्क्रीन बाहेरच्या बाजूला, त्या दोन डोक्यांकडे.