तीन पूल मोजून पुलित्झरपर्यंत: ॲमस्टरडॅममधील पायी वाट

ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकापासून पुलित्झर हॉटेल सुमारे दीड किलोमीटरवर आहे. सामान हलके असेल, तर हे अंतर पायी वीस-पंचवीस मिनिटांत सहज कापता येते. तरीही सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे पहिल्यांदा तिथे निघालो तेव्हा आम्हाला पाऊण तास लागला. कालवे एकमेकांना समांतर वळत जातात आणि दिसतातही इतके सारखे, की दोन वळणांनंतर दिशेचे भान उरत नाही. म्हणून आमच्या मागून येणाऱ्यांसाठी ही वाट सविस्तर लिहीत आहे.

स्थानकातून बाहेर पडून डामराक या रुंद रस्त्याने सरळ चालत राहिले, की दहा-बारा मिनिटांत डाम चौक येतो. समोरचा राजवाडा मुळात नगरभवन म्हणून बांधला गेला. 1655 मध्ये त्याचे उद्घाटन झाले, आणि दलदलीच्या जमिनीत रोवलेल्या 13,659 लाकडी खांबांवर तो उभा आहे. इथे बहुतेक प्रवासी राजवाड्यामागच्या राटहाउसस्ट्राटकडे वळतात. तो रस्ता सरळ असला तरी ट्राम, सायकली आणि गर्दीने भरलेला असतो. आम्ही पहिल्या दिवशी त्याच रस्त्याने गेलो आणि नको असलेला चौथा पूलही ओलांडून बसलो. हॉटेल पाण्यापलीकडे समोर दिसत होते आणि आम्ही पुढचा पूल शोधत पलीकडच्या काठाने चालत होतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही राजवाड्याच्या डाव्या अंगाने जाणारा पालेइसस्ट्राट धरला, आणि माझ्या मते हीच खरी वाट आहे. तिच्यावर प्रथम नियूवेझाइट्स व्होरबुर्खवाल हा रस्ता लागतो. नावात तटबंदीचा आणि जुन्या कालव्याचा इतिहास असला तरी तो 1884 मध्ये बुजवला गेला आणि आज तिथे पाणी नाही, म्हणून तो मोजणीत धरू नये. पुढे पहिला पूल सिंगल या कालव्यावरचा, दुसरा हेरेनख्राख्तवरचा आणि तिसरा केइझर्सख्राख्तवरचा (ख्राख्त म्हणजे कालवा). दुसऱ्या पुलानंतरची हार्टेनस्ट्राट आणि तिसऱ्या पुलानंतरची रेस्ट्राट या गल्ल्या ‘नऊ गल्ल्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातल्या आहेत. या भागातील अनेक गल्ल्यांची नावे पूर्वीच्या कातड्याच्या व्यवसायाची आठवण देतात: हार्ट म्हणजे मोठा हरिण, रे म्हणजे छोटा हरिण. तिसऱ्या पुलानंतर रेस्ट्राट संपते तिथे प्रिन्सेनख्राख्त येतो. पाणी न ओलांडता उजवीकडे वळावे. डावीकडे कालवा आणि उजवीकडे घरांची रांग असेल, आणि त्याच रांगेत 323 क्रमांकाशी हॉटेलचे प्रवेशद्वार आहे. चुकल्याची शंका आली, तर पुढे आकाशात वेस्टरकेर्क चर्चचा उंच मनोरा दिसतो का ते पाहावे. दिसला, तर आपण योग्य दिशेने चाललो आहोत.

रस्ता विचारताना ‘ग्राच्ट’ म्हटल्यास ऐकणारा गोंधळतो. तो उच्चार ‘ख्राख्त’ असा घशातून करावा, मराठी जिभेला तो जड नाही. लाल डांबराची पट्टी सायकलींसाठी राखीव असते, तिच्यावर क्षणभरही थांबू नये. कालव्याकाठी बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि विटांच्या फरसबंदीवर चाकांची बॅग अडखळते, त्यामुळे लहान मुले किंवा जड सामान बरोबर असल्यास वेस्टरमार्क्टला थांबणारी 13 किंवा 17 क्रमांकाची ट्राम घेणे बरे.

हॉटेल 1970 मध्ये सुरू झाले आणि सतराव्या-अठराव्या शतकांतील 25 घरे एकमेकांना जोडून ते आजच्या रूपात आले आहे. त्यामुळे आतही वाट शोधावीच लागते: घरांचे मजले एका पातळीवर नाहीत, मार्गिकेत मध्येच दोन पायऱ्या चढाव्या किंवा उतराव्या लागतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खोली घेतानाच हे विचारून घ्यावे. झोप हलकी असणाऱ्यांनी वेस्टरकेर्कच्या घंटा पाव-पाव तासाने वाजतात हेही लक्षात ठेवावे. मला मात्र पहाटेची ती घंटा फार आवडली. ॲन फ्रँकचे घर त्याच काठाने उत्तरेला चार-पाच मिनिटांवर आहे. त्याची तिकिटे केवळ ऑनलाइन आणि ठरावीक वेळेसाठीच मिळतात, म्हणून ती भारतातून निघण्यापूर्वीच काढून ठेवावीत.