ओपन द लाइट

आज शांघायच्या माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात अंधारून आलं, तशी मागच्या बाकावरची एक काकू म्हणाली, "टीचर, ओपन द लाइट?" दोन-तीन जण हसले. तिने मान खाली घातली, ते मला फार लागलं.

कारण तिचं चुकलं कुठे? चिनीत 'खाइ' हे एकच क्रियापद दार उघडायला चालतं आणि दिवा लावायलाही. गाडी चालवणं, मीटिंग घेणं, डॉक्टरने औषध लिहून देणं, फूल उमलणं, सगळीकडे तेच. जुन्या लिपीत या अक्षराभोवती दाराची चौकट होती, सोप्या लिपीत ती गेली. म्हणजे मूळ अर्थ दार उघडण्याचाच. इंग्रजीतलं 'ओपन' मात्र दार, खिडकी, डबा, पुस्तक, बँकेतलं खातं इथवर येतं आणि दिव्यापाशी थांबतं. तिथे 'टर्न ऑन', गाडीला 'ड्राइव्ह', मीटिंगला 'होल्ड'.

मी फळा पुसला आणि आमचं 'लावणे' सांगितलं. आम्ही दिवा लावतो, कुकर लावतो, झाड लावतो, टिकली लावतो. आणि दार लावतो, म्हणजे बंद करतो! वर्ग थक्क झाला. काकूंनी वहीत 'लावणे' चिनी अक्षरांत उतरवून घेतलं, दोनदा म्हणून पाहिलं.

निघताना त्या दाराशी थांबल्या, बटणाकडे बोट दाखवून सावकाश म्हणाल्या, "टर्न ऑफ द लाइट?"

मी म्हटलं, "येस, प्लीज."